स्वतःचं नाणं, स्वतःची नोट: कायदा नक्की कुठे अडवतो?

मागच्या अंकात खासगी चलनावर एक छोटं टिपण आलं होतं. सरकार सोडून इतरांनी काढलेला पैसा ही काही नवीन गोष्ट नाही, चीनच्या सिचुआन भागात कागदी पैसा आधी व्यापाऱ्यांनी काढला आणि 1020 च्या दशकात सरकारने तो ताब्यात घेतला, एवढंच त्यात होतं. त्यावर भरपूर प्रश्न आले. बरेचसे "हे कायदेशीर आहे का?" असेच आहेत, पण विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनातलं "हे" वेगळं आहे, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न: आमच्या ग्रुपने स्वतःच्या डिझाइनचं नाणं पाडलं आणि आपापसात व्यवहाराला वापरलं तर तो गुन्हा होतो का? आम्ही सरकारी नाण्याची नक्कल करत नाही, चित्र आमचं, नाव आमचं, आकडा पण आमचा.

उत्तर: तुमचा समज असा दिसतोय की नक्कल केली तरच गुन्हा, आणि हा समज खूप जणांचा असतो. पण बऱ्याच देशांत धातूच्या नाण्यांबाबत कायदा त्याच्या पुढे जातो. अमेरिकेचंच घ्या. तिथे 1864 पासून असा कायदा आहे की चलन म्हणून वापरायच्या हेतूने धातूचं नाणं पाडलं तर ते सरकारी नाण्यासारखं दिसो किंवा पूर्ण स्वतंत्र डिझाइनचं असो, शिक्षा होऊ शकते, पाच वर्षांपर्यंत. म्हणजे "डिझाइन माझं आहे" हा बचाव तिथे चालतच नाही. जर्मनीत बुंडेसबँकेच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय बँकेच्या, कायद्याचं 35 वं कलम आहे, परवानगीशिवाय पैशाच्या जागी चालतील अशी नाणी, नोटा किंवा दुसरी कागदपत्रं काढायला मनाई आणि तिथेही पाच वर्षांपर्यंत कैद. भारतात 2011 च्या नाणे कायद्यात पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे काढायला बंदी आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यातलं 31 वं कलम म्हणतं की "आणणाऱ्याला मागताक्षणी पैसे देऊ" अशी हुंडी किंवा प्रॉमिसरी नोट रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार सोडून कुणी काढायची नाही.

यात एक शब्द सगळीकडे येतो तो म्हणजे हेतू. तीच चकती तुम्ही स्पर्धेचं पदक म्हणून दिली तर काही नाही, मशीनमधे टाकायचं टोकन म्हणून दिली तरी सहसा काही नाही, पण "हे घ्या आणि याने कुठेही खरेदी करा" म्हटलंत की प्रकरण बदलतं.

लंडी बेटाची केस यासाठी वाचण्यासारखी आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात हे छोटं बेट, मार्टिन कोल्स हार्मन नावाच्या माणसाने ते 1925 मधे विकत घेतलं आणि 1929 मधे स्वतःची नाणी काढली, एक पफिन आणि अर्धा पफिन, एका बाजूला त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पफिन पक्षी. किंमत पेनी आणि अर्ध्या पेनीइतकी. त्याचं म्हणणं होतं की बेट माझं आहे, इथे ब्रिटनचा हा कायदा लागूच होत नाही. 1930 मधे त्याच्यावर 1870 च्या नाणे कायद्याखाली खटला झाला, पाच पौंड दंड आणि वर खर्च, आणि 1931 मधे वरच्या कोर्टानेही अपील फेटाळलं. नाणी इंग्लंडच्या नाण्यांसारखी दिसत नव्हती, कुणाला फसवलं असा आरोपही नव्हता, तरी दोषी ठरला. जमीन विकत घेता येते, पण त्या जमिनीवर पैसा कुणी काढायचा हा अधिकार तिच्याबरोबर येत नाही.

प्रश्न: पण नाणं खऱ्या चांदीचं किंवा सोन्याचं असेल तर? त्यात धातूची किंमत आहेच की, मग कुणाचं नुकसान होतं? सरकारी नाण्यात तर आता मौल्यवान धातू नसतोच.

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण या बाजूने इतिहासात खरंच दम आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत नाणी पाडायला मनाई केली आहे ती राज्यांना, व्यक्तींना नाही. त्यामुळे सुरुवातीची कित्येक वर्षं खासगी टांकसाळी उघडपणे चालल्या. नॉर्थ कॅरोलिनात ख्रिस्तोफर बेक्टलर हा जर्मनीहून आलेला सोनार 1831 पासून आजूबाजूच्या खाणींतल्या सोन्याची नाणी पाडायचा, वजन आणि कॅरट नाण्यावरच लिहायचा, आणि एक डॉलरचं सोन्याचं नाणं त्याने सरकारी टांकसाळीच्या बऱ्याच आधी काढलं, सरकारने ते 1849 मधे काढलं. डेन्व्हरमधे क्लार्क, ग्रुबर आणि कंपनीने 1860 मधे सोन्याची नाणी सुरू केली आणि पुढे सरकारने त्यांची टांकसाळच विकत घेतली. ही माणसं गुन्हेगार नव्हती, सरकारी टांकसाळ लांब होती, सोन्याची भुकटी तोलून व्यवहार करणं कटकटीचं होतं, आणि यांनी लोकांची अडचण सोडवली.

पण याच काळातली दुसरी बाजू पण बघा. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिथे खासगी नाण्यांचा सुळसुळाट झाला. 1851 मधे त्यातल्या काहींची तपासणी केली तेव्हा लिहिलेल्या किमतीपेक्षा आत सोनं कमी निघालं, आणि बातमी फुटल्यावर व्यापारी ती नाणी घेईनात. ज्याने पाडली त्याने आपला फायदा आधीच काढून घेतला होता. नुकसान कुणाचं झालं, तर त्या दिवशी ज्याच्या खिशात ती होती त्याचं. "धातूची किंमत आहेच की" हे म्हणणं तेव्हाच खरं असतं जेव्हा घेणारा दरवेळी तो धातू तपासू शकतो, आणि नाणं वापरायचं कारणच मुळी हे असतं की दरवेळी तपासावं लागू नये.

अलीकडची मोठी केस लिबर्टी डॉलरची. बर्नार्ड वॉन नॉटहाउस याने 1998 मधे हा उद्योग सुरू केला, चांदीची नाणी आणि साठवलेल्या चांदीच्या पावत्या. चांदी खरी होती, याबद्दल वाद नाही. पण नाण्यावर डॉलरचं चिन्ह, "लिबर्टी" हा शब्द, सरकारी नाण्यावरच्या देवावरच्या विश्वासाच्या ओळीशी मिळतीजुळती ओळ, आणि वर आकडा. एक औंस चांदीवर आधी 10 डॉलर छापलं, चांदी महागल्यावर 20 केलं. 2006 मधे सरकारी टांकसाळीने जाहीर इशारा दिला, 2007 मधे एफबीआयने छापा घातला, मार्च 2011 मधे ज्युरीने दोषी ठरवलं. शिक्षा डिसेंबर 2014 मधे झाली तेव्हा कोर्टाने सहा महिने घरात नजरकैद आणि तीन वर्षं देखरेख एवढीच दिली.

खटल्याच्या वेळी सरकारी वकिलांनी याला देशांतर्गत दहशतवादाचा प्रकार म्हटलं होतं, ते मला अजिबात पटलेलं नाही. नाणं पाडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो शब्द लावणं चुकीचंच होतं आणि शिक्षा बघता कोर्टालाही तो तितका गंभीर वाटला नसावा. पण दोषी ठरवणं चूक होतं का, तर नाही. छापलेला आकडा आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा वर ठेवायचा, तो फरक पसरवणाऱ्यांनी खिशात घालायचा, आणि दुकानदाराला ते सुट्ट्या पैशांसारखं द्यायचं, यात दुकानदार फसण्याची शक्यता खरी आहे. याउलट तीच चांदी वजन आणि शुद्धता एवढंच लिहून गोल चकती म्हणून विकली असती, आकडा नाही, चलनाचा दावा नाही, तर कुणी हात लावला नसता. अशा चकत्या आजही कायदेशीरपणे विकल्या जातात.

प्रश्न: मग स्कॉटलंडमधे खासगी बँका नोटा छापतात ते कसं चालतं? मी असं पण वाचलंय की त्या नोटा स्कॉटलंडमधेच कायदेशीर चलन नाहीत, हे खरं आहे का?

उत्तर: खरं आहे. बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या तीन बँका नोटा काढतात आणि त्यातली कुठलीच नोट ब्रिटनमधे कुठेही लीगल टेंडर नाही, स्कॉटलंडमधे पण नाही. पण यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण लीगल टेंडर याचा अर्थ लोक समजतात त्यापेक्षा खूप अरुंद आहे. तुमच्यावर कर्ज आहे, तुम्ही ते लीगल टेंडरमधे पूर्ण फेडायला तयार होतात आणि समोरच्याने नाकारलं, तर न फेडल्याबद्दल तो तुमच्यावर दावा जिंकू शकत नाही, जवळपास एवढंच. रोजच्या खरेदीत देणारा आणि घेणारा दोघं राजी असले की कशानेही व्यवहार होतो. त्यामुळे एखादी गोष्ट लीगल टेंडर नाही म्हणजे ती बेकायदा आहे असं नाही, आणि हा घोळ मला आलेल्या निम्म्या पत्रांत दिसला.

या नोटा चालतात कारण त्यांच्यामागे काय ठेवायचं हे कायद्याने ठरवून दिलंय. काढलेल्या नोटांच्या किमतीइतकी मालमत्ता वेगळी बांधून ठेवावी लागते आणि त्यातला मोठा भाग बँक ऑफ इंग्लंडकडे असतो, त्यासाठी तर दहा लाख पौंडाच्या आणि दहा कोटी पौंडाच्या खास नोटा आहेत, त्यांना जायंट आणि टायटन म्हणतात, त्या कधीच बाहेर फिरत नाहीत, फक्त तारण म्हणून पडून असतात. उद्या बँक बुडाली तरी नोट हातात असलेल्याचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून ही सगळी रचना. हाँगकाँगमधे पण तीन व्यापारी बँका नोटा काढतात आणि तिथल्या नोटांमागे अमेरिकन डॉलर ठेवावे लागतात. इंग्लंड आणि वेल्समधे मात्र 1844 च्या कायद्याने नवीन बँकांना नोटा काढायला बंदी झाली, जुन्या हळूहळू बंद पडत गेल्या आणि नोटा काढणारी शेवटची खासगी बँक 1921 मधे संपली.

अमेरिकेत सरळ बंदीऐवजी कर वापरला, ते पण सांगतो. 1837 ते 1863 या काळात तिथे राज्यांची परवानगी घेऊन शेकडो बँका आपापल्या नोटा काढत होत्या, कुठली चालेल कुठली नाही हे बघायला व्यापारी छापील याद्या जवळ ठेवायचे. मग केंद्र सरकारने राज्यांच्या बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर लावला, 1869 मधे सुप्रीम कोर्टाने तो योग्य ठरवला, आणि त्या नोटा काढणंच परवडेनासं झालं.

प्रश्न: गिफ्ट कार्ड, एअरलाइनचे माइल्स, गेममधली नाणी हे सगळं खासगी चलनच नाही का? मग कंपन्यांना कुणी का पकडत नाही?

उत्तर: काही अंशी चलनच आहे, तुमचं बरोबर आहे. फरक दोन. एक, ते जिथून निघालं तिथेच परत जातं, हातोहात फिरत नाही. दोन, बदल्यात सहसा वस्तू मिळते, पैसे नाहीत. हा दुसरा फरक अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1877 मधेच मानला होता. मिशिगनमधल्या एका भट्टी कंपनीने पन्नास सेंटच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, कंपनीच्या दुकानात माल मिळेल अशा, आणि तेव्हा एक डॉलरखालच्या खासगी नोटांना बंदी होती. कोर्ट म्हणालं ही माल देण्याची बांधिलकी आहे, पैसे देण्याची नाही, म्हणून गुन्हा नाही. डिस्नेने 1987 पासून 2016 पर्यंत स्वतःचे डॉलर छापले, छान नोटेसारखे, पण चालायचे फक्त त्यांच्याच जागी.

हातोहात फिरायला लागलं की मात्र सरकार जागं होतं. चीनमधे टेन्सेंट या इंटरनेट कंपनीची क्यू नाणी चॅट आणि गेमसाठी होती, लोक त्याने बाहेरच्या गोष्टी विकत घ्यायला लागले, त्याची खरेदी-विक्री सुरू झाली, तेव्हा 2007 मधे केंद्रीय बँकेसह सरकारी खात्यांनी लगाम घातला आणि 2009 मधे नियम आला की अशा व्हर्च्युअल पैशाने खऱ्या वस्तू घ्यायच्या नाहीत.

प्रश्न: आमच्या इथे कामगारांना पगाराचा काही भाग कूपनमधे देतात, ती फक्त मालकाच्याच दुकानात चालतात आणि तिथे भाव बाहेरपेक्षा जास्त. हे खासगी चलन म्हणून बेकायदा आहे का?

उत्तर: बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून मी आधी हाच वाचावा असं सगळ्यांना सांगेन. नाणी जमवणाऱ्याने चांदीची चकती पाडली तर फार थोड्यांचं काही बिघडतं. पगार कूपनमधे दिला तर घर चालत नाही.

हे जुनं दुखणं आहे. इंग्लंडमधे याला ट्रक पद्धत म्हणायचे, 1831 च्या ट्रक कायद्याने ठराविक धंद्यांत मजुरी चालू नाण्यातच द्यायची सक्ती केली. अमेरिकेच्या कोळसा खाणींत कंपन्यांनी धातूची स्क्रिप, म्हणजे कंपनीने स्वतः काढलेली टोकन, कित्येक दशकं वापरली, कामगार पगाराच्या तारखेआधीच गरज म्हणून उचल घ्यायचा ती स्क्रिपमधे मिळायची, ती कंपनीच्या दुकानात जायची, आणि पगाराच्या दिवशी हातात काहीच उरायचं नाही. बाहेर ती स्क्रिप कुणी घेतली तर बरीच कापून. म्हणजे कामगाराकडे पैसा असून तो गाव सोडून जाऊ शकत नव्हता, कारण तो पैसा गावाबाहेर पैसाच नव्हता.

म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1949 च्या 95 क्रमांकाच्या करारात स्पष्ट लिहिलंय की पैशात द्यायची मजुरी फक्त लीगल टेंडरमधेच द्यायची, आणि प्रॉमिसरी नोटा, व्हाउचर, कूपन किंवा त्यासारखं दुसरं काहीही लीगल टेंडरच्या जागी चालणार नाही. मालाच्या रूपात काही भाग देण्याची थोडी सवलत आहे, पण ती मर्यादित, आणि त्याची किंमत वाजवी लावली पाहिजे अशी अट आहे. मेक्सिकोत 2008 मधे एका मोठ्या रिटेल साखळीने कामगारांना स्वतःच्याच दुकानांत चालणारी व्हाउचर दिली होती, तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती राज्यघटनेविरुद्ध ठरवली.

तेव्हा तुमच्या प्रश्नात चलनाच्या कायद्यापेक्षा मजुरीचा कायदा जास्त कामाचा आहे. नाण्यांचा कायदा काढून बसलात तर मालक म्हणेल हे नाणं नाही, कूपन आहे, आणि कदाचित त्या मुद्द्यावर सुटेल पण. मजुरीच्या कायद्यात मात्र त्याला ती पळवाट नाही. कूपनं टाकून देऊ नका, तारखेसकट फोटो काढून ठेवा, पगाराची पावती मिळत असेल तर त्यात ही रक्कम कशी दाखवली आहे ते बघा, दुकानातले आणि बाहेरचे भाव लिहून ठेवा, आणि एकट्याने जाऊ नका, जेवढ्यांना कूपन मिळतात तेवढ्यांनी मिळून कामगार खात्याकडे जा.

प्रश्न: सुट्ट्या पैशांची टंचाई असताना दुकानदार चिठ्ठ्या किंवा टोकन देतात, अशा वेळी कायदा डोळेझाक करतो का?

उत्तर: पुष्कळदा करतो, आणि करावीच लागते. इंग्लंडमधे 1780 च्या दशकात तांब्याची चांगली नाणी मिळेनात, कारखान्यात मजुरी वाटायला चिल्लर नाही, म्हणून 1787 मधे अँगलसीच्या पॅरिस माइन कंपनीने स्वतःच्या खाणीतल्या तांब्याची टोकन काढली, एका बाजूला ड्रुइडचं, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताचं, डोकं, आणि ती इतकी चांगली होती की बघताबघता देशभर शेकडो व्यापाऱ्यांनी तसंच केलं. सरकारने पहिली काही वर्षं काही केलं नाही. 1797 मधे मॅथ्यू बोल्टनकडून मोठी तांब्याची नाणी पाडून घेतली, पुढे परत टंचाई, परत टोकन, आणि शेवटी 1817 च्या कायद्याने बंदी. आधी सोय, मग बंदी, असा क्रम खूप ठिकाणी दिसतो.

इटलीत 1975 ते 1978 च्या सुमाराला लिराची चिल्लर गायब झाली तेव्हा बँकांनी छोट्या रकमेचे चेक काढले, 50, 100, 150 लिराचे, लोक ते नोटेसारखे वापरायचे, आणि टेलिफोनची टोकन तर चिल्लर म्हणून सर्रास चालायची. तांत्रिकदृष्ट्या तो चेकच होता, म्हणून चालवून घेतलं. आयर्लंडमधे 1970 मधे बँका संपामुळे सहा महिन्यांहून जास्त बंद होत्या, लोकांनी एकमेकांचे चेक सही करून पुढे पुढे दिले, आणि ओळखीच्या जोरावर बरंचसं नीट चाललं.

पण अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात सेंटची टोकन निघाली त्यात न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या दारू दुकानदाराची गोष्ट सांगतात. त्याने प्रचंड संख्येने टोकन वाटली, थर्ड अॅव्हेन्यूच्या ट्राम कंपनीने ती भाडं म्हणून घेतली, ढीग साठल्यावर बदलून मागितली तर त्याने नाही म्हटलं, आणि कंपनीला काही करता आलं नाही कारण कायद्यात तशी बांधिलकीच नव्हती. 1864 ची बंदी अशाच वातावरणात आली. टंचाईत चिठ्ठी घेणं मी चूक म्हणणार नाही, पण परत द्यायला गेल्यावर ती कोण घेणार हे चिठ्ठी घेतानाच विचारा.

प्रश्न: शहराने किंवा संस्थेने काढलेलं स्थानिक चलन कायदेशीर असतं का?

उत्तर: कागदी असेल, सरकारी नोटेसारखं दिसत नसेल, घेण्याची सक्ती नसेल आणि मागे खरा पैसा ठेवला असेल तर बऱ्याच देशांत चालवून घेतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे 2006 पासून बर्कशेअर्स आहे, जर्मनीत 2003 पासून कीमगाउअर आहे, म्हणजे वर सांगितलेलं 35 वं कलम असूनसुद्धा. पण चालवून घेणं आणि हक्क असणं यात फरक आहे हे विसरू नका. ऑस्ट्रियातल्या वोर्गल गावाने 1932 मधे मंदीत स्वतःच्या पावत्या काढल्या, महापौर उंटरगुगेनबर्गर. दर महिन्याला पावतीची किंमत एक टक्क्याने कमी व्हायची, ती टिकवायला तिकीट चिकटवावं लागायचं, म्हणून कुणी साठवून ठेवत नव्हतं आणि त्यावर रस्ते, पूल अशी कामं झाली. मागे बँकेत तेवढे शिलिंग ठेवलेले होते. एवढं सगळं नीट असूनही केंद्रीय बँकेने आक्षेप घेतला आणि सप्टेंबर 1933 मधे ते बंद करावं लागलं. मला हा निर्णय आजही वाईट वाटतो. केनियात मोम्बासाजवळच्या एका वस्तीत 2013 मधे बांगला पेसा नावाची व्हाउचर निघाली, चालवणाऱ्यांना अटक झाली, काही महिन्यांत आरोप मागे घेतले. तुम्ही असं काही करणार असाल तर छापायच्या आधी केंद्रीय बँकेला लेखी विचारा, नंतर नाही.

प्रश्न: अशा चलनात कमाई झाली तर टॅक्स लागतो का?

उत्तर: हो, सहसा लागतो. अमेरिकेत तर वस्तूंची अदलाबदल केली तरी बाजारभावाने उत्पन्न धरतात. आणि टॅक्स भरायचा तो सरकारी चलनातच.

प्रश्न: क्रिप्टो आणि स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेलं क्रिप्टो) यांना हे नाण्यांचे कायदे लागू होतात का?

उत्तर: धातू नाही म्हणून नाण्यांचे जुने कायदे सहसा लागत नाहीत, तिथे दुसरे कायदे येतात, पैसे पाठवण्याच्या परवान्याचे, मनी लाँडरिंगचे. ई-गोल्ड या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर 2007 मधे आरोप ठेवले ते त्याच कायद्यांखाली, नाणी पाडल्याबद्दल नाही. फेसबुकने 2019 मधे लिब्रा जाहीर केलं तेव्हा जगभरच्या सरकारांनी इतका विरोध केला की नाव बदलून डिएम केलं आणि 2022 मधे सगळं विकून टाकलं, एकही नाणं लोकांच्या हातात न जाता. उलट टोकाला एल साल्वाडोरने 2021 मधे बिटकॉइनला लीगल टेंडर केलं आणि 2025 मधे कायदा बदलून घेण्याची सक्ती काढली.

स्टेबलकॉइनसाठी आता नियम आलेत, युरोपियन युनियनचे 2023 मधे, अमेरिकेचा कायदा जुलै 2025 मधे. बारकावे वेगळे, पण गाभा स्कॉटलंडच्या नोटांसारखाच: जेवढं काढलं तेवढं मागे ठेवा आणि मागितलं की परत द्या. मे 2022 मधे टेरायूएसडी नावाचं स्टेबलकॉइन कोसळलं तेव्हा लोकांची आयुष्यभराची बचत गेली, कारण मागे तेवढं ठेवलेलं नव्हतंच, होतं ते मुख्यतः एक गणित. म्हणून घेण्याआधी काढणारा कोण, पैसा कुठे ठेवलाय, त्याचा हिशोब कोण तपासतं आणि तुम्हाला स्वतःला थेट परत मागता येतो की फक्त मोठ्या ग्राहकांना, एवढं वाचाच. शेवटचा मुद्दा बारीक अक्षरात असतो.

प्रश्न: जुनी खासगी टोकन आणि नाणी जमवणं, विकणं यात काही अडचण?

उत्तर: छंद म्हणून जमवायला बहुतेक ठिकाणी नाही. लंडीचे पफिन आणि बेक्टलरची नाणी लिलावात उघड विकली जातात. लिबर्टी डॉलरबाबत मात्र घेण्याआधी विचारून घ्या, ती जुनी झालेली गोष्ट नाही. आणि या नाण्यांच्या नकला खूप निघतात. अमेरिकेत 1973 च्या कायद्याने अशा नकलेवर "कॉपी" असं ठळक छापावं लागतं, त्यामुळे विकत घेताना आधी दोन्ही बाजू आणि कड नीट बघा, आणि "कॉपी" शब्द घासून काढल्यासारखी जागा दिसली तर घेऊ नका.